धुऱ्यावरच्या जुन्या शेप्या आंब्याचं कलम जगत नाही, काय चुकतं?

धुरकरी_आर्वी: शेपूसारखा वास असलेला गावरान आंबा, रस पातळ, चोखून खायचा. खोडकिड्यानं बुंधा पोखरलाय, दोन फांद्या वाळल्या. कोयीच्या रोपांना तो वास आला नाही. मागच्या जूनमध्ये बांधलेली आठही कलमं काळी पडली. कलमाला जुन्या झाडाची काडी (शेंड्याचा तुकडा) कोणती अन् कधी घ्यावी?

कलमवाला_मोर्शी: कोयीतून तो वास येईलच असं नाही, भाऊ. मोहोरावर माश्या दुसऱ्या झाडांचा पराग आणतात, रोप अर्धं परक्याचं होतं.

कलमं काळी पडली ती बहुतेक काडीमुळे. म्हाताऱ्या झाडाची शेंड्याची काडी बारीक अन् कडक असते. फेब्रुवारीत मनगटाएवढी एक जिवंत फांदी छाटा. कापावर बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर. उन्हाळ्यात झाडाला पाणी द्या. तिथले फुटवे जुलैपर्यंत तीन-चार महिन्यांचे होतात, तीच काडी घ्यायची. कलमाच्या आठ-दहा दिवस आधी पानं कापा, देठ राहू द्या. बोट लागताच देठ गळला अन् शेंड्याचा डोळा फुगलेला, पण फुटलेला नसला, की काडी तयार.

काडी 12 ते 15 सेंमी, खुंटाच्याच (ज्या रोपावर कलम बांधायचं त्याच्या) जाडीची. काडीच्या बुडाची पाचर 4 सेंमी, एकाच कापात. पुन्हापुन्हा तासली की काप काळा पडतो. जाडी जुळली नाही तर निदान एका बाजूची साल सालीला भिडवा. पट्टी घट्ट बांधून वर बर्फाच्या पेप्सीची रिकामी प्लॅस्टिकची नळी घाला, पावसाचं पाणी आत गेलं की कुजतं. पालवी फुटली की नळी काढा. खुंटाचे फुटवे दिसताच खुडा. जूनमध्ये घाई नको, हवेत ओल भरू द्या.

रसाळी: हे सारं करण्याआधी फळ नीट तपासा. पाड लागल्यावर देठासकट उतरवा, चीक सालीवर ओघळू देऊ नका. बादलीभर पाण्यात सोडा, बुडतात ते तयार. झाडाच्या चारही बाजूंची दहा फळं तणसात पिकवून अख्खं फळ, साल अन् कोय वेगळी तोला, रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स (रसातला गोडवा) बघा, किती दिवस टिकतात तेही लिहा. एका हंगामावर भरवसा नको, गावरान झाड वर्षाआड धरतं.

बियाणेराखण: खोडाच्या भोकातला भुसा तारेनं काढून रॉकेलचा बोळा कोंबा, वर चिखल लिंपा, म्हणजे फुटवे येईस्तोवर झाड तग धरेल. कलमं दोन वेगळ्या गावांत लावा, एका विहिरीच्या भरवशावर ठेवू नका. वाणाची नोंद 2001 च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्याच्या नावानं होते, नोंदणी शुल्क लागत नाही. अर्जात वासाबरोबरच पान, मोहोर अन् कोयीची लक्षणंही लागतात, म्हणून मोहोराचे फोटो याच हंगामात काढून ठेवा.