झाडानं मान टाकलीय? कोल्हापूरकरांनो, तुमचे उपाय लिहा

पाऊस सरला की जास्वंद पिवळी, गुलाब काळा, तुळस खराटा. झाड कोणतं, ओळखलं कसं आणि उपाय काय, ते प्रमाणासकट लिहा.

जास्वंद, फुलेवाडी
पिवळी पानं कोवळी की जून, ते आधी बघा. शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय. खालची जून पानं सरसकट पिवळी होत असतील तर नत्र. नदीकाठच्या काळ्या मातीत लोह असतं, पण चुनखडीमुळं ते मुळांना घेता येत नाही. नुसतं शेणखत वाढवून भागत नाही. लिटरभर पाण्यात ३ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून ऊन उतरल्यावर फवारायचं, १० दिवसांनी पुन्हा. गुण आला का ते नव्या फुटव्याच्या रंगावर ठरवा. आणि गुऱ्हाळाची राख सहज मिळते म्हणून या झाडाला घालू नकासा. राखेनं माती आणखी अल्कधर्मी होते, दुखणं वाढतं.

कुंडीतली झाडं, राजारामपुरी
माती ओली आणि तरी पानं लोंबतायत? मग पाणी बंद. मुळं कुजली की ती पाणी ओढत नाहीत, आणि आपण झाड सुकलं म्हणून आणखी ओततो. निम्मी झाडं यातच जातात. बुंधा दोन बोटांत धरून कुंडी उपडी करा, काठ हलका आपटा, गोळा अखंड निघतो. चांगलं मूळ पांढरट, टणक. कुजलेलं तपकिरी, चिमटीत ओढलं की साल सुटते, आत दोऱ्यासारखी शीर उरते, कुबट वास येतो. कात्री स्पिरिटनं पुसून कुजकं सगळं कापा. मुळं निम्मी गेली असतील तर पालाही तिसरा हिस्सा उतरवा, तेवढ्या मुळांना तो पोसवत नाही. दोन भाग पन्हाळ्याकडची तांबडी माती, एक भाग गांडूळखत, एक भाग जाडी वाळू. कुंडी मुळांपेक्षा दोनच बोटं रुंद. मोठीत ओल साठून राहते. एकदा पाणी देऊन १५ दिवस सावलीत. नवी पालवी दिसेपर्यंत खत नाही.

वरच्याला जोडून, कसबा बावडा
ही मुळांची कापाकापी एप्रिल-मेमध्ये मात्र टाळा, मुळं फारच कुजली असतील तरच करा. त्या दिवसांत दुपारी माना टाकून संध्याकाळी ताठ होणारं झाड आजारी नसतं. दोन इंच उसाचं पाचट अंथरा, बुंध्याला चिकटू देऊ नका.

गुलाब, ताराबाई पार्क
फांदी शेंड्याकडून काळी पडत येते तेव्हा नखानं खरवडा. हिरवं दिसलं तिथून खाली दोन इंचांवर, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या (कोंब फुटतो त्या जागेच्या) पाव इंच वर तिरका काप. पावसात छाटू नका, ऑक्टोबरात उघडीप मिळाली की करा. कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप). कलमाच्या जोडाखालून फुटलेला जोमदार फोक ठेवायचा मोह होतो. तो कलम बांधलेल्या जंगली खुंटाचा असतो, मुळापासून काढा.

तुळस
मंजिऱ्या वाळण्याआधी खुडा. बी धरलं की पाला थांबतो.

पिठ्या ढेकूण, शाहूपुरी
खोडावर मुंग्यांची रांग दिसली की पानांच्या बगलेत पांढरा कापूस शोधा. मुंग्या चिकट गोडासाठी किडीला राखतात, म्हणून त्यांचाही बंदोबस्त हवा. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवा. मग लिटरला ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि तेवढाच पातळ साबण. साबण आधी तेलात घोटा, नाहीतर तेल वर तरंगतं आणि पानं भाजतात. दर ७ दिवसांनी, तीनदा.