आयडा टार्बेलची स्टँडर्ड ऑइल लेखमाला: शोधपत्रकारिता की वडिलांचा सूड?

मृणाल_वाचते

पत्रकारितेच्या अभ्यासासाठी आयडा टार्बेलवर निबंध लिहितेय. तिनं 1902 ते 1904 मध्ये 'मॅक्लुअर्स' मासिकात रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलवर लेखमाला लिहिली आणि 1911 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं कंपनीचे 34 तुकडे झाले, एवढं सगळीकडे मिळतं. मी अडले आहे ते वेगळ्याच ठिकाणी. तिचे वडील पेनसिल्व्हेनियात तेलाच्याच धंद्यात होते आणि या कंपनीपायी पोळले होते. भाऊ विल्यम तर प्युअर ऑइल या प्रतिस्पर्धी कंपनीत होता. मग तिच्या लिखाणावर विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा? त्या लेखमालेचं दोन खंडांतलं मूळ पुस्तक कुणी वाचलंय का?

जुना_हिशेबनीस

मृणाल, मी वाचलंय, आणि मालवाहतुकीची बिलं तपासण्यात माझी नोकरी गेली असल्यामुळे जरा जास्तच बारकाईनं वाचलंय.

राग होता, ते नाकारू नकोस. 1872 मध्ये रेल्वे कंपन्या आणि रॉकफेलरसारखे मोठे तेलशुद्धीकरणवाले यांच्यातला, साउथ इम्प्रूव्हमेंट कंपनीच्या नावानं झालेला भाडेसवलतींचा गुप्त करार फुटला तेव्हा टार्बेलबाई चौदा वर्षांच्या होत्या. तेलपट्ट्यातली माणसं रस्त्यावर उतरली, त्यांत वडील फ्रँकलिनही होते. पुढे वडिलांच्या भागीदारानं आत्महत्या केली आणि कर्ज फेडायला त्यांना राहतं घर गहाण टाकावं लागलं. एवढं सोसूनही, लेखमाला ठरली तेव्हा याच वडिलांनी मुलीला सांगितलं की हे करू नकोस, ते तुमचं मासिक बुडवतील.

पण पुस्तक उघडल्यावर समोर येतात ते कागद. मोठ्या गिऱ्हाइकाला भाड्यात सूट मिळते, त्यात नवल नाही. स्टँडर्डची मेख पुढची होती. ओहायोतल्या मॅरिएटाला जॉर्ज राइस नावाचा लहानसा रिफायनर, म्हणजे तेल शुद्ध करणारा कारखानदार, होता. 1885 मध्ये तिथल्या रेल्वेनं त्याच्याकडून पिंपामागे 35 सेंट घ्यायचे, स्टँडर्डकडून 10 आणि राइसनं भरलेल्या 35 मधले 25 सेंट स्टँडर्डला द्यायचे असं ठरलं. परत वाच. राइस जितका जास्त माल पाठवील तितकी स्टँडर्डची कमाई! हिशेब तपासणाऱ्या माणसाच्या अंगावर काटा येतो. हे सगळं न्यायालयाच्या दप्तरात होतं. बाईंनी साक्षी, करार, चौकशी समित्यांचे अहवाल एकाखाली एक मांडले आणि महत्त्वाचे कागद पुस्तकाच्या शेवटी जसेच्या तसे छापले, वाचणाऱ्यानं पडताळून पाहावेत म्हणून. साउथ इम्प्रूव्हमेंटवरची 1873 ची एक पुस्तिका होती. तिच्या प्रती विकत घेऊन नष्ट केल्याची वदंता होती. बाईंना ती न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात सापडली.

आता तुझ्या निबंधाला उपयोगी पडेल अशी गोष्ट सांगतो. स्टँडर्डच्या एका ठिकाणी दर महिन्याला जुने कागद जाळायचं काम एका पोऱ्याकडे होतं. एका रात्री त्याला त्या कागदांवर ओळखीचं नाव दिसलं. रविवारच्या धर्मवर्गात त्याला शिकवणारे गुरुजी, जे स्वतः स्टँडर्डशी टक्कर देणारे स्वतंत्र तेलवाले होते! त्यानं कागद नीट पाहिले. गुरुजींचा माल कधी निघाला, कुठे चालला, याच्या खबरा रेल्वेचे कारकून स्टँडर्डला पुरवत होते. पोरानं ते कागद गुरुजींना नेऊन दिले आणि कालांतरानं ते बाईंच्या हाती आले.

त्या वेळी स्टँडर्डचे बडे अधिकारी हेन्री रॉजर्स बाईंना नियमित भेटत होते. ओळख मार्क ट्वेन यांच्यामुळे झालेली. बोलता बोलता निघालं की पूर्वी दोघंही पेनसिल्व्हेनियातल्या राउजव्हिलला शेजारीच राहायचे. बाई 26 ब्रॉडवेवरच्या कंपनीच्या मुख्यालयात जात, हाती आलेली माहिती त्यांच्यापुढे ठेवत, त्यांची बाजू ऐकून घेत. सूड घ्यायला निघालेलं माणूस असं दोन वर्षं करत नाही. हेरगिरीचं प्रकरण छापून आलं तेव्हा रॉजर्स संतापले आणि त्या भेटी बंद झाल्या.

शर्वरी_इतिहास

काकांचं बहुतेक पटतं, पण मृणालची शंका इतक्यात निकालात काढू नका. बॅकस नावाच्या विधवेचा कारखाना रॉकफेलरनं कवडीमोलानं लाटला, ही लेखमालेतली सगळ्यांत हळवी गोष्ट. पुढच्या चरित्रकारांनी आकडे तपासले तेव्हा ती तशी उभी राहत नाही, सौदा बराच रास्त होता असं त्यांचं मत पडलं. शिवाय टार्बेलबाईंनी 1905 मध्ये लिहिलेलं रॉकफेलरचं व्यक्तिचित्र. 1903 मध्ये बाई क्लीव्हलंडच्या चर्चमध्ये मागे बसून त्याला न्याहाळून आल्या होत्या. त्या लेखात त्याच्या चेहऱ्यामोहऱ्यावर जे लिहिलंय ते मला सहन होत नाही. आजारानं त्याचे डोक्याचे, भुवयांचे केस गेले होते, आणि त्यावरून त्याच्या स्वभावाचे निष्कर्ष काढणं हे पत्रकाराचं काम नव्हे. तिथे मला राग दिसतो.

जुना_हिशेबनीस

शर्वरीताई, ते व्यक्तिचित्र मलाही आवडत नाही. बॅकसबाईंचंही मान्य. उलट, या दोन ठिकाणी त्यांचा आधार कागदावरून सुटलेला दिसतो, म्हणूनच बाकीचं किती घट्ट आहे ते कळतं. रेल्वेच्या सवलतींचं म्हणाल, तर 1906 मध्ये कंपन्यांची चौकशी करणाऱ्या सरकारच्याच ब्यूरो ऑफ कॉर्पोरेशन्सच्या अहवालात स्टँडर्डला गुप्त सवलती मिळत असल्याचं आलं. तो अहवाल काही टार्बेल कुटुंबाच्या टायटसव्हिल गावातल्या कुणा तेलवाल्याच्या मुलीनं लिहिला नव्हता.

आणखी एक. रॉकफेलरची व्यवस्थापनाची हातोटी, काटकसर, दूरदृष्टी यांवर बाईंनी मोकळ्या मनानं लिहिलंय. कंपनी मोठी झाली याबद्दल त्यांची तक्रारच नव्हती, ती लबाडीनं मोठी झाली याबद्दल होती. पुढे 1925 मध्ये त्यांनी युनायटेड स्टेट्स स्टील या पोलाद कंपनीचे प्रमुख एल्बर्ट गॅरी यांचं चांगलं कौतुकाचं चरित्र लिहिलं. सरसकट भांडवलदारद्वेष असता तर ते जमलं नसतं.

मृणाल_वाचते

दोघांचेही मनापासून आभार. राइसचे 35 आणि 25 सेंट वाचून एकदम लख्ख कळलं. बॅकस प्रकरण आणि व्यक्तिचित्र यांना निबंधात वेगळा भाग देते. दोन खंडांतलं आधी काय वाचू? वेळ फारच कमी आहे.

जुना_हिशेबनीस

पहिल्या खंडातलं 1872 च्या तेलयुद्धाचं प्रकरण आणि दुसऱ्यातलं 'कटिंग टू किल'. कागद जाळणारा पोरगा त्यातच आहे. प्रकरण संपलं की लगेच शेवटची कागदपत्रं काढ आणि बाईंनी त्यांतलं काय घेतलं, काय सोडलं ते स्वतः ताडून बघ. 1939 चं आत्मचरित्र सवडीनं वाच. वडिलांचा सल्ला आणि रॉजर्सच्या भेटी त्यात आहेत.