फोटोवर कुणी काय बोललं, जे अजून लक्षात आहे?

जुना रोल
घरी दसरा काढणं चालू आहे. वाकळा धुवायला बाहेर काढल्या आणि ट्रंकेच्या तळाशी खाकी पाकीट सापडलं. आत निगेटिव्हच्या पट्ट्या आणि काही प्रिंटा. १९९७ सालच्या. मामाचा याशिका दोन दिवसांसाठी मागून आणला होता, छत्तीस फोटोंचा रोल अगदी जपून वापरला होता. त्यातला खळ्यातला फोटो हाती लागला आणि वाकळा तशाच राहिल्या.

आज्जी सुपानं ज्वारी उपणतेय. संध्याकाळचं ऊन, वाऱ्यावर भूस, वर एवढं मोठं आभाळ. मला तो फोटो फार भारी वाटला होता. परभणीत ज्या स्टुडिओत रोल धुवायला द्यायचो, तिथले काका प्रिंटच्या मागं बॉलपेननं एक ओळ लिहून द्यायचे. न मागता. ह्या फोटोमागं लिहिलंय, "आभाळ लै. माय थोडी. दोन पावलं पुढं जा."

राग आला होता. तरी आठ दिवसांनी मामाकडून परत कॅमेरा आणला. दुसऱ्या फोटोत आज्जी कपाळावर हात धरून माझ्याकडं बघतेय, भुवयांवर भूस बसलंय. आज भिंतीवर तोच आहे, हार घातलेला. पहिल्या फोटोत ती नखाएवढी दिसते.

तुम्हालाही कुणी असं काही सांगितलं असेल. लिहा. फोटो असेल तर तोही टाका, सगळे मिळून बघू.

तिठ्यावरचा
ऊन पाठीमागून होतं ना? भूस तसंच चमकतं. पण मग चेहरा काळा पडला असेल.

जुना रोल
पहिल्यात पडलाय. दुसऱ्या वेळी काकांनी सांगितलं होतं, पांढरं धोतर समोर पसरून ठेव, उजेड उसळून तोंडावर येतो. आजोबांचं धोतर दोन पोरांनी धरलं होतं. रिफ्लेक्टर हा शब्द मी नंतर पंधरा वर्षांनी ऐकला.

माळवद
दोन पावलं पुढं जा हे पटलं, पण मागचं सोडू नका एवढं मी सांगेन. आमचं गाव किल्लारीजवळ. ३० सप्टेंबर १९९३ ला मी तिसरीत होते. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते, पहाटे चारच्या आधी सगळं खाली आलं. दगडामातीच्या भिंती, वर मातीचं माळवद. आमच्यातलं कोण गेलं ते इथं लिहीत नाही.

जुन्या गावठाणातल्या घराचा आमच्याकडं एकही फोटो उरला नाही. आत्याच्या लग्नाचा अल्बम तिच्या सासरी होता म्हणून वाचला. त्यात वरातीच्या मागं आमचा दरवाजा दिसतो, तोही अर्धा, आणि कोपऱ्यात माळवदाची कड. बाबा तो फोटो भिंग लावून बघायचे. नवरी-नवरदेव बघतच नव्हते, दरवाज्याची कडी बघायचे.

आता भाच्यांचे फोटो येतात, माणूस लख्ख आणि मागचं सगळं धुरकट. सुंदर असतात. पण मी प्रत्येकाला म्हणते, बाळा, एक तरी असा काढ ज्यात मागचं घर नीट येईल.

गोदाकाठी
माळवद ताई, वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. आज घरी गेल्यावर आमच्या वाड्याचे फोटो काढतो. प्रत्येक खोलीचे.

माळवद
चुलीजवळचा कोपरा विसरू नका दादा. तो कुणीच काढत नाही.

पाणवठा
मी पैठणला असतो. पहिल्या हिवाळ्यात नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्यावर, रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघितले आणि वेडाच झालो. रोज पहाटे जायचं, चिखलातून पळत जवळ जायचं, थवा उडाला की धडाधड क्लिक. महिनाभरात शेकडो फोटो. एका भोई मामांना मोबाईलवर दाखवले. त्यांनी शांतपणे दहा-बारा बघितले आणि म्हणाले, "सगळ्यायच्या पाठीच हायेत की. तुला भ्यायलेत ते."

खरंच प्रत्येक फोटोत शेपट्या आणि पाठी. एक पक्षी माझ्याकडं येताना नाही, एक खाताना नाही. लांबून आलेले, पोट भरायला उतरलेले, आणि मी त्यांना दिवसातून चारदा उडवत होतो. आता काठावर गोणपाट टाकून उजाडायच्या आत बसतो, हलत नाही. ते आपणहून चरत चरत जवळ येतात. फोटो कमी येतात, पण त्यात डोळा दिसतो.

तिठ्यावरचा
सूर्य पाठीशी ठेवून बसता का? हिवाळ्यात सकाळी पाण्यावर धुकं असतं, थोडं आडवं ऊन घेतलं तर गुलाबी रंग छान येतो.

पाणवठा
हो, आडवंच घेतो. डोक्यावर ऊन आलं की बॅग बंद.

चुलीवरची
भाकरी टाकता टाकता लिहितेय. माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "माझा काढलास तसा तुझा कोण काढणार?" बारा वर्षांच्या फोटोंत मी जवळजवळ कुठंच नाही. पुढचं नंतर लिहिते.

माळवद
लिहाच ताई. सासूबाईंच्या हातात फोन द्या आधी.

नळदुर्ग रोड
माझा फोटो बघा आणि स्पष्ट सांगा. नळदुर्गचा नर-मादी धबधबा, मागच्या पावसाळ्यातला. बोरी नदी भरून चालली होती. ट्रायपॉड नव्हता, कठड्यावर कॅमेरा दाबून धरून पाव सेकंदाला काढलाय.

तिठ्यावरचा
पाव सेकंद हातानं, आणि दगड खणखणीत आलेत, शाबास. दोन गोष्टी. बंधारा डावीकडं झुकलाय, सरळ करून घ्या. आणि मधलं पाणी पांढरंफट्ट झालंय, तिथला तपशील आता कुठल्याच एडिटनं परत येणार नाही. पुढच्या वेळी एक्स्पोजर एक स्टॉप खाली घ्या, म्हणजे उजेड निम्मा, काळोखी भाग नंतर उजळता येतो.

पाणवठा
माझं मत वेगळं आहे. पाणी कापसासारखं मऊ झालंय. मी तिथं पावसात उभा राहिलोय, छातीत धडधडतं त्या आवाजानं. मला तेच पाणी १/५०० सेकंदाला बघायचंय, थेंब न थेंब तुटलेला.

नळदुर्ग रोड
दोन्ही पटलं. आवाज आला पाहिजे, हे डोक्यात बसलं. ह्या पावसाळ्यात परत जातो.

कोऱ्या पाट्या
एक विचारायचं होतं. मी गटावर टाकलेले फोटो दुसऱ्यांकडं एवढे फुटके का दिसतात?

गोदाकाठी
व्हॉट्सॲप दाबून लहान करतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, जसाच्या तसा जातो.

कोऱ्या पाट्या
झालं! धन्यवाद दादा. येळवशीचा, म्हणजे वेळ अमावास्येचा, फोटो टाकलाय, बघा.

माळवद
अगं बाई, कडब्याची कोप, झोपडीच ती! आंबिलीचं बिंदगं पण आलंय. भज्जी कुणी केली होती?

कोऱ्या पाट्या
आईनं आणि काकूनं. आंबील चुलत्याची. धपाटे, उंडे, सगळं.

नळदुर्ग रोड
आमच्याकडं बाजरीचे उंडे. शहरात मित्रांना येळवस समजावून सांगताना जीव जातो. मार्गशीर्षातली अमावास्या, अख्खं गाव रानात, पाच दगड मांडून पांडवांची पूजा. सुट्टी मागायला गेलं की साहेब म्हणतात हा कुठला सण.

तिठ्यावरचा
फोटोबद्दल बोलतो. कोप मधोमध आहे, पण जीव उजवीकडं आहे, जिथं लहानगी आंबिलीचा द्रोण दोन्ही हातांनी पीतेय. तिच्या उंचीला गुडघ्यावर बसून काढला असता तर? उभं राहून काढलं की लेकरांची फक्त डोकी येतात.

कोऱ्या पाट्या
ह्या येळवशीला गुडघे मळणार माझे.

अर्धा कोयता
उशिरा लिहितोय. मी बीडचा, आईवडील ऊसतोडीला जायचे. आमच्यात नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. नोकरी लागल्यावर पहिला कॅमेरा घेतला आणि थेट फडावर गेलो, कारण मला तिथलंच माहीत होतं. एका मावशींचा फोटो काढला, डोक्यावर मोळी. त्यांनी विचारलं, "बाप्पा, देणार का आम्हाला? लै जण काढून नेतेत."

म्हणालो देणार. प्रिंट करून गेलो तर टोळी दुसऱ्या कारखान्यावर गेली होती. पुढच्या हंगामात परत गेलो, मुकादम बदललेला. दोन वर्षं तो फोटो वहीत दाबून बॅगेत होता. तिसऱ्या वर्षी गाडीतळावर भेटल्या. कितीतरी वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "हात काळे दिसायलेत. पर मालक संगं पायजे व्हता. एकलीचा कसा काय कोयता?"

मालक त्याच वर्षी वारले होते. पहिल्या फोटोच्या दिवशी ते पाच हातांवर मोळ्या बांधत होते, मी त्यांना चौकटीतून बाहेर ठेवलं होतं, फोटो स्वच्छ दिसावा म्हणून. तेव्हापासून काढायच्या आधी विचारतो, अजून कुणाला घ्यायचंय का. आणि प्रिंट त्याच आठवड्यात पोचवतो.

चुलीवरची
दादा.

माळवद
मूळ फाइल अजून आहे का? कडेला कुठं ते आले असतील तर नीट बघा. आमचा दरवाजा असाच सापडला होता.

अर्धा कोयता
त्या दिवशीचे चाळीसेक फोटो हार्डडिस्कवर आहेत. मी फक्त निवडलेलाच बघितला होता. आज रात्री सगळे मोठे करून बघतो.

जुना रोल
बघा आणि सांगा. मीही ते पाकीट पूर्ण उलटं केलं. खळ्याच्या सहा निगेटिव्ह आहेत, प्रिंट दोनाच्याच काढल्या होत्या. लॅपटॉपच्या पांढऱ्या स्क्रीनवर पट्टी धरून मोबाईलनं काढतोय, रंग उलटे केले की दिसतं. चौथ्यात कुणीतरी धोतर धरून उभं आहे. चेहरा कळत नाही. उद्या आईला दाखवतो.