हॅश ब्राउन म्हणजे कीस की काचऱ्या?

न्यू जर्सीहून
पाककृती मराठीत आणताना नाश्त्याच्या बटाट्यांपाशी अडायला होतं. अमेरिकेत अंड्यांच्या जोडीला जे बटाटे येतात, त्यांना ईशान्येकडे 'होम फ्राइज' म्हणतात. दक्षिणेत 'हॅश ब्राउन्स' मागवतात, तर मिडवेस्टातल्या मेन्यूवर 'अमेरिकन फ्राइज' दिसतात. तिन्हींना 'परतलेले बटाटे' म्हटलं तर चुकीचंच. होम फ्राइज म्हणजे बहुधा उकडून केलेल्या जाड फोडी, अमेरिकन फ्राइज म्हणजे गोल चकत्या आणि हॅश ब्राउन्स किसलेले. काचऱ्या, काप, कीस यांतलं काय कुठे बसेल?

पुण्याहून
मराठीत बटाट्याला विळीवरच नाव पडतं, त्यामुळे आधी चिरणं बघा. काचरी पातळच हवी. बटाटा उभा चिरून दोन किंवा चार भाग करायचे आणि मग आडवे दोन मिलिमीटरचे तुकडे पाडायचे. बटाटा कच्चाच घ्यायचा. उकडलेल्याच्या काचऱ्या होत नाहीत, त्याची भाजी होते. अर्धा किलोला तीन मोठे चमचे तेल लागतं. पसरट लोखंडी कढईत मोहरी, हिंग, हळद, की लगेच काचऱ्या. पाच मिनिटं झाकण ठेवून वाफ आणायची, मग झाकण काढून आच वाढवायची. मीठ अगदी शेवटी घालायचं. आधी घातलं तर पाणी सुटतं, काचऱ्या त्या पाण्यात शिजतात आणि कडा मऊ पडतात. अमेरिकन फ्राइज कच्च्या बटाट्याचे असतील, तर 'काचऱ्या' हाच सगळ्यात जवळचा शब्द.

रत्नागिरीहून
पण गोल चकती म्हटली की आमच्याकडे 'काप'. सुरणाचे, कच्च्या केळ्याचे, वांग्याचे, नीरफणसाचे असतात तसेच बटाट्याचे काप. जाडी अर्धा सेंटिमीटर. इथे मिठाचा नियम बरोबर उलटा होतो. मीठ, हळद, तिखट आधी चोळून दहा मिनिटं ठेवायचं. जे पाणी सुटतं त्यालाच तांदळाचं पीठ किंवा रवा धरतो. कोरड्या कापाला रवा लावला तर तो तव्यावर गळून तेलात जळतो. तेव्हा वर पिठाचा किंवा रव्याचा थर नसेल, तर 'काप' लिहू नका; कोकणातला वाचक हटकून रवा शोधेल.

गोव्यातल्या कोकणीत या रवा लावलेल्या कापांना 'फोडी' असंही म्हणतात. देशावर मात्र 'फोड' म्हणजे जाड चौकोनी तुकडा. शब्द एकच, पण सुरी वेगळी चालते. होम फ्राइजना 'फोडी' म्हणालात तर पुण्यात ते बरोबर समजेल आणि पणजीत वेगळं काही पानात पडेल.

नागपूरहून
विदर्भात मुळात बटाटाच 'आलू' होतो. आलूची भाजी, आलूबोंडा. 'बटाटा' पोर्तुगिजांबरोबर समुद्रमार्गे आला. त्यांचा 'बटाटा' कॅरिबियन बेटांवरच्या भाषेतला आणि तिथे त्याचा अर्थ रताळं. 'आलू' हा संस्कृतातल्या कंदवाचक 'आलुक'शी जोडलेला. किनाऱ्याने एक नाव घेतलं, उत्तरेने दुसरं, आणि विदर्भात ती दोन्ही भेटतात.

इंदूरहून
हॅश ब्राउनला रूपाने जवळचा 'कीस'च. हा शब्द इकडे हिंदी बोलणाऱ्यांच्याही तोंडी आहे, 'भुट्टे का कीस' म्हणतात तो हाच. पण मराठीत 'बटाट्याचा कीस' दोन अर्थांनी चालतो. एक उपासाचा, तुपाजिऱ्यावर मिरची आणि दाण्याचं कूट घालून परतलेला. दुसरा उन्हाळ्यात वाळवून ठेवलेला, तळायचा. म्हणून पाककृतीत 'ताजा कीस' असं लिहिलेलं बरं.

करण्यातही फरक आहे. उपासाच्या किसाचं प्रत्येक शीत सुटं हवं. म्हणून कीस थेट पाण्यात पाडायचा. तो काळा पडत नाही आणि पिठूळपणा धुऊन जातो. दोन पाण्यांतून काढून घट्ट पिळायचा, मग हलक्या हाताने हलवत राहायचं. न धुता टाकलात तर कढईत चिकट गोळा. हॅश ब्राउनसाठीही धुऊन-पिळून घेतात, पण तव्यावर पातळ थर दाबला की हात लावायचा नाही. खालून रंग आल्यावर एकदाच उलटायचं. स्वित्झर्लंडची 'रोश्टी' आणखी वेगळी. ती पुष्कळदा आदल्या दिवशी उकडून गार केलेल्या बटाट्याची करतात. कच्च्याची केली तर कीस धूत नाहीत, नुसता पिळतात, कारण तिथे चिकटपणाच भाकरीसारखा थर धरून ठेवतो.

न्यू जर्सीहून
म्हणजे 'हॅश'चा मूळ अर्थ तर किसणं नाहीच. फ्रेंचमध्ये 'हाश' म्हणजे कुऱ्हाड, त्यावरून 'हाशे' म्हणजे बारीक तोडणं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्ण नाव 'हॅश्ड ब्राउन पोटॅटोज' असं होतं. पुढे मधला 'ड' गळला, जसा 'आइस्ड क्रीम'चा. किसणी नंतर आली. ब्रिटनमध्ये आज 'हॅश ब्राउन' म्हटलं की त्रिकोणी किंवा लांबट तळलेली वडीच समोर येते. जॉर्जियात 1955 साली सुरू झालेल्या वॉफल हाउसमध्ये तर तव्यावर विसकटून पसरलेल्याला 'स्कॅटर्ड' आणि कांदा घातलेल्याला 'स्मदर्ड' असे वेगळे शब्द आहेत.

पुण्याहून
त्या वडीला 'टिक्की' म्हणू नका. टिक्की कुस्करलेल्या बटाट्याची, हिच्यात शितं दिसतात. 'किसाची वडी' चालेल.

आणि 'ब्राउन'चं 'तपकिरी' तर अजिबात करू नका. तपकिरी खडू असतो, बटाटा नाही. आपल्याकडे याच्या पायऱ्या आहेत: आधी लालसर, मग खरपूस, मग करपलेला. तळाला चिकटून राहते ती खरवड. 'अनटिल ब्राउन'साठी 'खरपूस होईपर्यंत' लिहा. सोबत एक सूचना जोडा: बटाटे फ्रिजमधले नकोत. थंडीत त्यांच्यातल्या पिठाची साखर होते, रंग लवकर चढतो आणि आत कच्चं असतानाच बाहेरून कडवट करपतं. वाचणाऱ्याला वाटतं आच चुकली, आणि तो आच कमी करून बटाटे मऊ करून टाकतो.