दुपारी बारा ते संध्याकाळी सात: नोकरी करणाऱ्या आईने दिवस कसा बसवावा?

प्रश्न : म्हार्दोळवासी

सर्वांना नमस्कार. मी म्हार्दोळला राहते आणि पणजीला पाटो भागातील एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात काम करते. मुलगी पाचवीत आहे, मुलगा या वर्षीपासून बालवाडीत जातो. यजमान वेर्णा औद्योगिक वसाहतीत पाळीने कामाला असल्यामुळे त्यांच्या वेळा आठवड्यागणिक बदलतात. सासूबाई आमच्याबरोबरच असतात. त्यांचा नातवंडांवर फार जीव आहे, पण गुडघेदुखीमुळे त्यांना धावपळ झेपत नाही.

सकाळ मी निभावून नेते. पोदेर (पाववाला) दारात येईपर्यंत डबे भरलेले असतात आणि मुलीच्या वेण्या घालून झालेल्या असतात. ती बालरथात (शाळेच्या बसमध्ये) बसली की मुलाला बालवाडीत सोडून मी बाणस्तारीमार्गे पणजीची बस धरते. खरी अडचण दुपारी सुरू होते. मुलगा बारा वाजता सुटतो, मुलगी दीडच्या सुमारास येते, आणि मी घरात पाऊल ठेवते तेव्हा सात वाजत आलेले असतात. मधल्या वेळात मुलगा जेवला का, मुलीने गृहपाठ काढला का, सासूबाईंनी औषध घेतले का, हे मी कार्यालयात बसून फोनवरून विचारत राहते, आणि घरी आल्यावर चहाचा घोट घेण्याआधीच हात वाटणाला लागतात.

लग्नापूर्वी मी गाणे शिकत होते. भजनी मंडळातल्या बायका मला अजून बोलावतात, पण पेटी उघडून अर्धा तास बसणेही जमत नाही. ओळखीच्या काही जणींचे म्हणणे असे, की पहाटे चारला उठल्यास स्वतःसाठी वेळ मिळतो. ज्यांनी ही वर्षे काढली आहेत त्यांनी कृपया सांगावे : दुपारची सोय कशी लावावी, आणि स्वतःचा वेळ दिवसात नेमका कुठे धरावा?

उत्तर : अंत्रुजकन्या

ताई, चारला उठण्याचा सल्ला कृपया मनावर घेऊ नका. मी बँकेत नोकरी करीत दोन मुले वाढवली, ती आता कॉलेजात आहेत, आणि त्या अनुभवावरून ठामपणे सांगते की झोपेतून काढलेला वेळ आपल्या वाट्याला राहत नाही. आपण लवकर उठतो हे घराला कळले की त्या पहाटेतही कोणाचा तरी डबा, कोणाचे तरी धुणे येऊन बसते. प्रौढ माणसाला सात तास तरी झोप हवी. रात्री अकराला पाठ टेकणाऱ्या बाईने चारला उठायचे म्हटले तर त्यातले दोन तास रोज जातात, आणि त्याची भरपाई रविवारच्या एका दुपारने होत नाही.

तुमची अडचण सकाळची नाही, दुपारची आहे, हे तुम्ही स्वतःच नीट ओळखले आहे. तेव्हा उपायही तिथेच करावा. बारा ते चार या वेळेसाठी वाड्यावरचीच (आपल्या वस्तीतलीच) एखादी ओळखीची बाई पगारावर ठेवा, जी मुलाला बालवाडीतून आणील, त्याला जेवू घालून निजवील आणि मुलगी बालरथातून उतरेल तेव्हा दारात असेल. सासूबाई घरात असल्यामुळे मूल परक्या माणसाच्या एकटीच्या हाती राहत नाही, आणि त्यांच्या गुडघ्यांवर भारही पडत नाही. चारनंतर मुले अंगणात खेळतात, तेवढ्यावर नजर ठेवणे सासूबाईंना बसल्या जागी जमेल. फोन मात्र एकच करा, दोनच्या सुमारास, मुलगी जेवायला बसल्यावर. तासातासाला फोन केल्याने तिकडे कोणाचेही काम सोपे होत नाही आणि आपले लक्ष हिशेबावरून उडते.

स्वयंपाकघराविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडच्या जेवणात सर्वांत जास्त वेळ नारळ खातो. रोज संध्याकाळी आदोळीवर बसून नारळ खवायचा, मग वाटायचा आणि मग फोडणीचा विचार करायचा, हा क्रम आठवड्याच्या कामाच्या दिवशी ठेवूच नये. रविवारी चार-पाच नारळ एकदम खवून घ्यावेत. निम्मा चव (खवलेला नारळ) तसाच लहान डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवावा, तो हुमणाला (माशाच्या आमटीला) आणि भाजीवर घालायला होतो. उरलेला कांदा, धणे आणि मिरी घालून खरपूस भाजावा, वाटून घ्यावा आणि एका जेवणाला पुरेल एवढा एकेका डबीत भरावा. डबी लहान असणे महत्त्वाचे आहे. मोठ्या डब्यातला गोळा संध्याकाळी सुटता सुटत नाही आणि पुन्हा पुन्हा बाहेर काढल्याने खराबही होतो. सकाळी निघताना एक डबी खालच्या कप्प्यात काढून ठेवली की रात्रीची उसळ किंवा तोणाक (भाजलेल्या वाटणाची रस्साभाजी) अर्ध्या तासात होते. मासळी बाजारातच कापून, साफ करून घ्यावी, घरी आल्यावर धुऊन मीठ-हळद लावून ठेवावी. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात ताजी मासळी महाग आणि कमी असते, तेव्हा सुक्या सुंगटांची किस्मूर (सुक्या कोळंबीची कोशिंबीर), पेज आणि लोणचे हे रात्रीचे जेवण म्हणून अगदी पुरेसे आहे, आणि त्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही.

घरी आल्यावर लगेच ओट्याशी जाऊ नका. हातपाय धुऊन पंधरा-वीस मिनिटे मुलांजवळ बसा. दिवसभराचे त्यांना सांगायचे असते ते त्याच वेळी ओठांवर असते. ते ऐकून घेतले नाही तर पुढचे दोन तास ती तुमच्या पदराभोवती फिरत राहतात आणि कोणतेच काम सलग होत नाही.

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर यजमानांच्या पाळ्या, बालवाडीच्या सुट्ट्या, सासूबाईंची डॉक्टरांकडची तारीख, गॅस लावल्याची तारीख हे सर्व लिहून ठेवा, म्हणजे ते एकट्या तुमच्या डोक्यात राहणार नाही. आणि या सगळ्याच्या आधी, महिन्याचे पान उलटल्याबरोबर, तुमच्या रियाजाचे वार लिहा. आठवड्यातून दोनच असू द्या, पण ते घरातल्या प्रत्येकाने वाचलेले असू द्या.

उत्तर : बार्देसकर

मीही औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारा आहे आणि माझी पत्नी शिक्षिका आहे, म्हणून वरच्या उत्तरात एक भर घालतो. बदलत्या पाळ्यांकडे आपण अडचण म्हणून पाहता, पण त्यांत आपल्या दुपारचे बरेचसे उत्तर आहे.

बहुतेक कारखान्यांत पाळ्या साधारणपणे सकाळी सात ते तीन, दुपारी तीन ते रात्री अकरा आणि अकरा ते सात अशा असतात. पहिल्या पाळीच्या आठवड्यात यजमान बोरीच्या पुलावरून साडेचारच्या आत घरी पोचू शकतात. म्हणजे संध्याकाळ त्यांची, आणि रात्रीचा भात-आमटीही त्यांचीच. दुसऱ्या पाळीत ते दीडपर्यंत घरी असतात. मुलाला बालवाडीतून आणणे आणि जेवू घालणे हे त्यांनी करावे. रात्रपाळीच्या आठवड्यात मात्र त्यांना दुपारपर्यंत निवांत झोपू द्यावे, कारण झोप न झालेल्या माणसाने यंत्रावर उभे राहणे धोक्याचे असते. दोन-अडीचनंतर ते मुलीच्या अभ्यासाला बसू शकतात. पगारी बाई तरीही कायम ठेवावी, कारण एक आठवडा बोलवायचे आणि दुसऱ्या आठवड्यात नको म्हणायचे, असे करून कोणी टिकत नाही.

पुरुष वाचकांसाठीही लिहितो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालवापर सर्वेक्षणात घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि ते काम करणारे पुरुष ८८ मिनिटे, असे आढळले. हा फरक अधूनमधून भांडी विसळल्याने भरून निघत नाही. एखादे काम घ्यायचे तर ते मुळापासून घ्यावे. मुलांच्या शाळेचे काम माझ्याकडे आहे, याचा अर्थ गणवेश आदल्या रात्री काढणे, वहीवरची सही, शुल्क भरण्याची तारीख, पालकसभा आणि पावसाळ्यात ओले बूट वाळवणे हे सर्व माझ्याकडे आहे, आणि त्यातले काहीही पत्नीला मला आठवण करून द्यावे लागत नाही. तिचा खरा वेळ त्या आठवण ठेवण्यात जात असे.

उत्तर : पांढरी_साडी

ताई, मी परिचारिका आहे. दिनक्रमाचे सर्वांनी छान सांगितले आहे, मी प्रकृतीपुरतेच लिहिते. तुम्ही थकव्याविषयी स्पष्ट लिहिले नसले तरी तुमच्या प्रश्नातून तो दिसतो, आणि असा थकवा दरवेळी कामाचाच असतो असे नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. तेव्हा हिमोग्लोबिन आणि थायरॉईड या दोन तपासण्या करून घ्या. गर्भवती नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असल्यास डॉक्टरांना दाखवावे. गोळ्या मनाने सुरू करू नयेत.

जेवणाबरोबर किंवा जेवल्या जेवल्या चहा घेऊ नये, कारण त्याने अन्नातले लोह नीट अंगी लागत नाही. तांबडी भाजी, कुळीथ, अळसांदे (चवळीसारखे कडधान्य) आपल्याकडे सहज मिळतात. त्यांच्यासोबत लिंबाची फोड घ्यावी. आणि स्वतःच्या ताटात मुलांचे उरलेले घेऊन उभ्याने जेवण उरकण्याची सवय असेल तर ती आजपासून मोडावी.

व्यायामासाठी वेगळा तास शोधत बसू नका. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे रोजची वीस-बावीस मिनिटे. कार्यालयातून निघाल्यावर पाटोच्या खाडीकाठाने एक फेरी भरभर चालून मग बसस्थानकावर गेलात तरी त्यातला बराच भाग होतो.

उत्तर : कायदेसाक्षर

एक माहिती इथे नोंदवणे आवश्यक वाटते. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करणे बंधनकारक झाले, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन येण्याची मुभा मिळाली. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ही तरतूद आहे. अनेक आस्थापनांनी मिळून एकच सामाईक पाळणाघर चालवले तरी चालते. आपल्या कंपनीचा कर्मचारीवर्ग तेवढा असल्यास सहकारी महिलांसह लेखी अर्ज करावा.

म्हार्दोळवासी

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, मनापासून आभार. पाळ्यांचा विचार आम्ही दोघांनीही अशा रीतीने केला नव्हता. काल यजमान कालनिर्णय घेऊन बसले आणि पुढच्या महिन्याच्या पाळ्या त्यांनी स्वतः लिहिल्या. कंपनीत आम्ही तीसच्या आसपास आहोत, त्यामुळे पाळणाघराचा मार्ग बंद आहे.

आता उरते ती एक नाजूक गोष्ट. पगारी बाई ठेवण्याचे मी हलकेच सुचवले, तर सासूबाईंचा चेहरा उतरला. मी घरात असताना बाहेरची बाई कशाला, लोक काय म्हणतील, असे त्या म्हणाल्या. त्यांना दुखवायचे नाही आणि गुडघ्यांवर भारही टाकायचा नाही. हे कसे बोलावे?

उत्तर : निवृत्त शिक्षिका, पेडणे

तुला मुलीसारखी मानून लिहिते. मीही सासू आहे आणि माझी सून इस्पितळात नोकरी करते, म्हणून तुझ्या सासूबाईंच्या मनात काय आले असेल ते मला कळते. त्यांना वाटले असणार, की आपण आता घराला उपयोगी राहिलो नाही. मदतीला बाई येते म्हणून त्यांना वाईट वाटलेले नाही. न विचारता ठरले, असे त्यांना वाटले आहे.

तेव्हा बाई निवडण्याचे काम त्यांच्यावर सोपव. वाड्यावर कोण भरवशाची, कोणाच्या हाताला स्वच्छता आहे, कोणाच्या घरी अडचण आहे, हे तुझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असते. तिला काय सांगायचे, मुलाला काय भरवायचे हेही त्याच ठरवतील असे यजमानांनी त्यांना सांगावे. मुलाने आईला सांगितलेले आणि सुनेने सांगितलेले यांत फरक पडतो. उचलणे, वाकणे, मागे धावणे हे त्या बाईने करावे. पाढे म्हणून घेणे, तिन्हीसांजेला दिव्यासमोर शुभंकरोती म्हणवणे, गोष्ट सांगणे हे आजीकडे राहावे, कारण ते पगारी बाईला जमणारे नाही आणि तुला त्या वेळी घरी पोचता येत नाही.

पैशांचेही स्पष्ट बोलून घे. अनेक घरांत असे होते, की मुलांना सांभाळणाऱ्या बाईचा पगार आईच्या पगारातूनच वजा धरला जातो, आणि मग कोणीतरी म्हणते, एवढे देऊन तुझ्या हाती उरते काय, त्यापेक्षा नोकरी सोड. मुले दोघांची आहेत, तेव्हा तो खर्च घराचा धरावा, विजेच्या बिलाबरोबर.

भजनी मंडळाचा सराव कोणत्या वारी असतो ते विचार आणि यजमानांच्या पहिल्या पाळीच्या आठवड्यात त्या वारी जायला सुरुवात कर. मुलीला सोबत ने. पाचवीतली मुलगी टाळ धरू शकते. आणि बाईशी पगार ठरवतानाच चवथीच्या रजेचे बोलून ठेव. त्या दिवसांत तिच्याही घरी गणपती असतो, माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची सजावट) बांधायची असते, नेवऱ्या करायच्या असतात, म्हणून त्या आठवड्याची रजा तू आणि यजमान यांनी आताच वाटून घ्या.