जुनी एचएमटी घड्याळे लिलावात विकण्याआधी मागणीचा अंदाज कसा घ्यावा?

नौपाडाकर:
नमस्कार. ठाण्यात गोखले रोडलगतच्या एका गल्लीत माझ्या वडिलांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते. ते आवरताना कपाटातून चावीची सुमारे साठ एचएमटी घड्याळे निघाली. त्यांत जनता आणि पायलट अधिक असून थोडी कोहिनूर व सोना आहेत. बारा घड्याळे खोक्यासह कोरी आहेत; बाकीची वडिलांनी सुट्या भागांसाठी वेळोवेळी विकत घेतलेली आहेत. ईबे या इंटरनेटवरील लिलाव-विक्रीच्या बाजाराचे भारतातील संकेतस्थळ 2018 मध्ये बंद झाल्यामुळे विक्री परदेशातील गिऱ्हाइकांनाच करावी लागेल असे दिसते. ईबेच्या परदेशी संकेतस्थळावर पाहिले, तर एकाच पायलटसाठी एका विक्रेत्याची अपेक्षा दुसऱ्याच्या सहापट आहे. या घड्याळांना खरोखर किती मागणी आहे हे माल चढवण्यापूर्वी कसे ओळखावे, आणि ती लिलावात ठेवावीत की ठरावीक किमतीला, याबाबत अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

वाशीचा व्यापारी:
आपण जे पाहिले ती मागितलेली किंमत आहे आणि मागण्याला पैसे पडत नाहीत. शोधाच्या पानावर ‘विकलेल्या वस्तू’ एवढीच निवड केली, की गेल्या सुमारे 90 दिवसांत प्रत्यक्ष पैसे मोजून नेलेली घड्याळे दिसतात. विक्रेत्याचे खाते उघडल्यावर ईबेच्याच टेरापीक या विक्रीची माहिती देणाऱ्या साधनात तीन वर्षांपर्यंत मागे जाता येते. घासाघीस करून झालेल्या सौद्यात पहिल्या यादीवर मूळ किंमत खोडलेली दिसते, पण सौदा कितीला ठरला ते कळत नाही. ते टेरापीकमध्ये कळते. किमतीत टपालखर्च मिळवायला विसरू नका, कारण घड्याळ स्वस्त आणि टपाल महाग दाखवणारे विक्रेते पुष्कळ आहेत.

त्यानंतर विकलेल्या नगांची संख्या आणि सध्या विक्रीला असलेल्या नगांची संख्या शेजारी शेजारी मांडा. समजा, तीन महिन्यांत पायलट तीस विकली गेली आणि आज तीनशे पडून आहेत, तर भाव कितीही चांगला दिसला तरी आपला नंबर केव्हा लागेल हे सांगता येणार नाही. आपल्याकडची साठच्या साठ एकदम चढवली, तर आपणच आपला भाव पाडाल.

लिलावाचे म्हणाल, तर एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. बोली लावणारा आपली कमाल रक्कम आधीच नोंदवून ठेवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत नेते. त्यामुळे सौदा दुसऱ्या क्रमांकाच्या गिऱ्हाइकाच्या मर्यादेच्या जेमतेम एक पायरी वर थांबतो. एकच शौकीन वाटेल ती किंमत द्यायला तयार असला, तरी समोर दुसरा नसेल तर घड्याळ सुरुवातीच्या बोलीलाच जाते. म्हणून पूर्ण झालेले लिलाव उघडून निरनिराळ्या किती जणांनी बोली लावली ते मोजा. दोघांनीच एकमेकांवर वीस बोली लावल्या असतील, तर ती दोघांचीच ईर्ष्या समजा. आपल्या कोऱ्या नगांना पाच-सहा वेगवेगळे बोलीदार मिळतील असे दिसले, तरच लिलाव. एरवी ठरावीक किंमत बरी.

डायलवाला, कळवा:
वरील उत्तर योग्य आहे, पण ‘एचएमटी पायलट’ या नावाखाली दोन वेगळे बाजार एकत्र मोजले जात आहेत. आपल्याकडे जुन्या मशीनवर नवा रंगवलेला डायल बसवून घड्याळ चकचकीत करून विकण्याचा उद्योग अनेक वर्षे चालला, त्यामुळे मुंबई परिसरातून आलेल्या घड्याळाकडे परदेशी संग्राहक संशयानेच पाहतो. ज्या भडक निळ्या-नारिंगी डायलांची तेथे रेलचेल आहे, त्यांची विक्री आपल्या कोऱ्या मालाला लावू नये, आणि उलटही करू नये. विकल्या गेलेल्या प्रत्येक नगाची छायाचित्रे उघडून मूळ डायल आणि रंगवलेला डायल अशा दोन वेगळ्या याद्या करा. काम कंटाळवाणे आहे, पण खरी माहिती त्यातच आहे. डायलवर देवनागरीत नाव असलेल्या जनताचा शोध स्वतंत्र घ्या. एचएमटीच्या घड्याळ कंपनीला टाळे लावण्याचा निर्णय 2016 च्या जानेवारीत झाला. त्यामुळे जुना कोरा माल आता वाढणार नाही आणि तो घाईने काढण्याचे कारण नाही. झाकण उघडून मशीनचे छायाचित्र मात्र अवश्य द्या, आणि वडिलांच्या हातची पावती सापडल्यास तिचेही.

नेरूळकर:
मागणी तपासताना तारखा पाहा. 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलला अमेरिकेत मिळणारी आयातशुल्काची सूट 29 ऑगस्ट 2025 पासून बंद झाली आहे, तेव्हा त्याआधीचे भाव अमेरिकी गिऱ्हाइकापुरते आज लागू धरू नयेत. निर्यातीसाठी आयईसी (आयात-निर्यात करणाऱ्याला सरकारकडून मिळणारा) क्रमांक आधी काढून घ्यावा. एचएमटीची घड्याळे 1961 नंतरची असल्यामुळे अडचण नाही. परंतु कपाटात शंभर वर्षांहून जुने खिशातले घड्याळ निघाले, तर ते 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते आणि परवानगीवाचून देशाबाहेर पाठवता येत नाही.

नौपाडाकर:
आपणा सर्वांचे आभार. काल रात्री छायाचित्रे पाहून दोन याद्या करायला बसलो, तेव्हा सुट्या भागांसाठी घेतलेल्या घड्याळांपैकी निम्म्याहून अधिक रंगवलेल्या डायलची आहेत हे प्रथमच कळले. ती येथील कारागिरांनाच सुट्या भागांच्या भावाने द्यावीत असे ठरवले आहे. कोऱ्या बारांपैकी एक जनता लिलावात आणि एक पायलट ठरावीक किमतीला ठेवून पाहतो.

वाशीचा व्यापारी:
जनताची सुरुवातीची बोली मात्र आपल्याला परवडेल तेवढीच ठेवा. एकच बोलीदार आला, तर तेवढ्यालाच द्यावी लागेल.