वैशाखात नदीकाठच्या घरी मुक्काम करायचा आहे, पण नदीला पाणी असेल का?

प्रश्न (पुण्याहून)

येत्या मे महिन्यात आमच्या लग्नाला २५ वर्षे पूर्ण होत असून तो दिवस नेमका वैशाख पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी येतो. कोकणात नदीकाठच्या एखाद्या घरी, जिथे स्वच्छ खोली आणि सकाळी घरची न्याहारी मिळेल, अशा ठिकाणी दोघांनीच तीन रात्री राहावे असे आम्ही ठरवले आहे. मात्र दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये असेच एक घर छायाचित्रे पाहून घेतले होते आणि पोहोचलो तेव्हा पात्रात केवळ गोटे आणि एक डबके होते. छायाचित्रे खरीच होती, पण ती श्रावणातली होती. ह्यांना पाण्यात डुंबण्याची हौस आहे आणि मला सूर्यास्ताच्या वेळी होडीतून फिरायचे आहे. हे कोठे जमेल?

उत्तर (चिपळूणहून)

तुमची झाली ती फसगत पुष्कळांची होते, कारण कोकणात 'नदी' या एकाच शब्दात दोन निरनिराळ्या गोष्टी येतात. सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतचे अंतर इतके थोडे आणि उतार इतका तीव्र आहे, की चार महिन्यांचा पाऊस वाहून गेला की वरच्या भागातली बहुतेक पात्रे शिमग्यानंतर कोरडी पडू लागतात आणि मे महिन्यात तेथे फक्त कोंडीतले पाणी उरते. खालच्या भागात मात्र भरतीचे पाणी आत शिरते. ती खाडी, आणि ती कधीच आटत नाही. म्हणून घर ठरवताना 'नदीजवळ आहे का' असे न विचारता 'भरती तुमच्या घरापर्यंत येते का' असे विचारावे.

याला आमची वाशिष्ठी हा एक मोठा अपवाद आहे. कोयना नदी खरे तर पूर्वेकडे कृष्णेला मिळणारी, पण तिच्या धरणाचे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला पोफळीकडे उतरवून त्यावर वीज तयार होते आणि ते वापरलेले पाणी पुढे वाशिष्ठीत सोडले जाते. त्यामुळे ऐन वैशाखातही ही नदी वाहती असते. गोवळकोटच्या खाली खाडी रुंदावत जाते, दोन्ही तीरांवर कांदळवन आहे आणि होडीतून मगरी दिसतात. यावरूनच कळेल की येथे डुंबण्याचा विचार मुळीच करू नये.

उत्तर (देवबागहून, आमच्याकडे पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत)

आमचे गाव कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या अरुंद पट्टीवर आहे, त्यामुळे पाण्याची चिंता नाही. चिंता वेळेची आहे. आमच्याकडे भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. तुमचा दिवस कृष्ण प्रतिपदेचा, म्हणजे भरती दुपारी पाऊणच्या आसपास आणि ओहोटी सूर्यास्ताच्या थोडी आधी. पौर्णिमेच्या उधाणात पाणी जितके वर चढते तितकेच ते खाली उतरते, म्हणून ज्या संध्याकाळी तुम्हाला होडीत बसायचे आहे त्याच वेळी पुळण उघडी पडलेली असेल. ताईंना हे वाचून वाईट वाटेल, पण आधी कळलेले बरे.

त्याऐवजी होडी सकाळी दहाच्या सुमारास, पाणी चढत असताना काढावी. पुढची भरती मध्यरात्रीनंतर एकच्या आसपास येते आणि त्या वेळी चंद्र डोक्यावर असतो. तेव्हा पायरीला लागलेले पाणी पाहायला आमचे पाहुणे मुद्दाम जागतात, आणि मला स्वतःला ते दृश्य सूर्यास्ताहून अधिक आवडते. डुंबायचे असेल तर दुपारी, भरती पूर्ण होऊन पाणी थोडा वेळ स्थिर होते तेव्हा, काठाजवळ आणि घरच्या माणसाला सोबत घेऊनच उतरावे. संगमाकडे ओहोटीच्या वेळी कोणीही उतरू नये, कारण तिथली ओढ पट्टीच्या पोहणाऱ्यालाही आवरत नाही.

खोली कौलाखालची आणि तळमजल्याची मागावी, कारण पत्र्याखालच्या माडीवर मे महिन्यात झोप येत नाही. वीज गेल्यास पंखा चालतो का आणि विहिरीला पाणी किती आहे, हे विचारण्यात संकोच करू नये. न्याहारीला घावणे, आंबोळी किंवा नारळाच्या रसातले शिरवाळे मिळतील. शिरवाळे हवे असतील तर आदल्या रात्री सांगावे लागते.

उत्तर (ठाण्याहून)

कोकण रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते आणि मे महिन्यातल्या जागा बघता बघता संपतात. देवबागसाठी कुडाळला उतरणे सोयीचे पडते.

पुन्हा प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. मगरींचे वाचल्यावर ह्यांनी वाशिष्ठीचा विचार सोडला, त्यामुळे कर्लीकाठ नक्की झाला. सूर्यास्ताच्या होडीसाठी सप्तमी-अष्टमीपर्यंत थांबावे का, असा विचार एकदा मनात आला होता. पण दिवस आमचा तोच आहे, म्हणून आम्ही दुपारी झोप काढून रात्री एक वाजता पायरीवर बसणार आहोत. देवबागच्या ताईंना एकच विचारते: त्या वेळी चहा करून घ्यायला स्वयंपाकघर उघडे मिळेल का?